रोजची स्की आणि सणावाराची स्की: ऑल-माउंटन व पावडर स्की कशी निवडावी

परवा न्यू जर्सीहून धाकट्या मावसभावाचा मेसेज आला. "दादा, ११६ मि.मी.ची पावडर स्की निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊन टाकू?" सोबत फोटो. टोकावर झगमगीत रंगातलं चित्र, बघताक्षणी हात शिवशिवावेत असं. मी विचारलं, "यंदा किती दिवस स्कीइंग केलंस?" म्हणाला, "सहा." "त्यातले पावडरचे किती?" बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं: "पोकोनोजमध्ये पावडर कुठली रे." (पावडर म्हणजे ताजा, भुसभुशीत, खोल बर्फ; पोकोनोज म्हणजे पेनसिल्व्हेनियातले डोंगर.)

त्याला हसायचा मला अधिकार नाही. सॉल्ट लेक सिटीत आल्यावर मी स्वतःची म्हणून घेतलेली पहिली स्की ११७ मि.मी. रुंद होती. एप्रिलच्या सेलमध्ये घेतली आणि उन्हाळाभर दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, "बर्फ पडेपर्यंत यावर कपडे वाळत घाल." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डोंगरावर गेलो. खाली यंत्राने पाडलेला, रात्री गोठून फरशीसारखा झालेला बर्फ. त्या फळ्या वळायलाच तयार होईनात, आणि संध्याकाळी जिना उतरताना गुडघे बोलत होते. स्कीत काही खोट नव्हती. लग्नातला शालू नेसून मी भाजी आणायला गेलो होतो, इतकंच.

बहुतेकांची चूक हीच असते. आपण स्की घेतो ती स्वप्नातल्या दिवसासाठी आणि वापरतो ती उरलेल्या दिवसांत. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी वही उघडायची.

पहिली पायरी: दिवस मोजा

मागच्या दोन मोसमांत तुम्ही नक्की कशावर स्की केलं ते आठवून लिहा. चार रकाने पुरतात: यंत्राने सारखा केलेला उतार म्हणजे ग्रूमर, उंचवटे-खड्डे असलेली वाट म्हणजे मोगल, लोकांनी तुडवून ढेकळं झालेला बर्फ म्हणजे क्रड, आणि घोट्याच्या वर येणारी खरी ताजी पावडर. दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाचा हिशेब धरा, कारण पावडर दिवसभर टिकतच नाही. आमच्या इथल्या आल्टा या स्की रिसॉर्टला वर्षाला सरासरी ५०० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. २०२२-२३ च्या मोसमात तिथे ९०३ इंच नोंदले गेले, म्हणजे जवळजवळ २३ मीटर. तरीही नेहमीच्या शनिवारी नऊला लिफ्ट सुरू झाली की अकरापर्यंत डोळ्यांसमोरची सगळी पावडर उधळलेली असते. त्यानंतर चारपर्यंत जे उरतं ते क्रड. पावडरची राजधानी म्हणवणाऱ्या गावातसुद्धा स्की जास्त चालते ती ढेकळांवरच.

तुम्ही कुठे राहता यावर निम्मा निर्णय होऊन जातो. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडून पेनसिल्व्हेनिया किंवा व्हरमाँटला जाणाऱ्याला पायाखालची रुंदी ८० ते ८८ मि.मी. पुष्कळ होते, कारण तिकडे बर्फ कडक असतो. म्युनिक-झुरिककडून आल्प्सला जाणारा आणि बहुतेक वेळ पिस्टवरच, म्हणजे आखून सारख्या केलेल्या उतारावरच, राहणारा माणूस ८५ ते ९२ मध्ये सुखी असतो. कोलोरॅडो-यूटामध्ये रोजची स्की ९५ ते १०२. जपानमधल्या होक्काइदोला, निसेकोच्या बाजूला, जानेवारीत जात असाल तर १०५ च्या वर जायला हरकत नाही. गुलमर्गचं गणित वेगळं आहे, ते पुढे बघू.

दुसरी पायरी: कंबर

स्कीवर १३२-९८-१२० असे तीन आकडे छापलेले असतात: टोक, कंबर आणि शेपूट, सगळे मि.मी.मध्ये. दुकानात कुणी "नव्याण्णवची" किंवा "एकशे आठची" म्हणतं तेव्हा तो कंबरेचा आकडा असतो. ढोबळमानाने ८५ च्या खालची स्की ग्रूमरची, ८५ ते १०५ ऑल-माउंटन म्हणजे डोंगरावर सगळीकडे चालणारी, १०८ च्या पुढची पावडर, आणि ११५ च्या पुढे ती दुसरं काही करण्याच्या भानगडीत पडत नाही.

रुंद स्की तरंगते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण किती जास्त तरंगते याचा हिशेब क्वचितच कुणी करतं. १८० से.मी. लांब, १३२-९८-१२० ची स्की घ्या. सरासरी रुंदी अदमासे ११२ मि.मी. धरली तर तळाचं क्षेत्रफळ ०.२० चौरस मीटर भरतं. आता १८४ से.मी. लांब, १३८-११२-१२७ ची पावडर स्की घ्या: सुमारे ०.२२५. कंबर १४ मि.मी.ने वाढली, लांबीही वाढली, आणि क्षेत्रफळात भर पडली ती साधारण १२ टक्क्यांची. बारा टक्के कमी नाहीत, पण 'बुडत होतो, आता उडतोय' एवढा फरक त्यांनी पडत नाही. तो फरक पडतो टोकाच्या वळणाने, मऊपणाने आणि तुमच्या वेगाने. पावडरमध्ये घाबरून हळू जाणारा माणूस कुठल्याही स्कीवर बुडतो.

आणि रुंदीची किंमत मोजावी लागते ती गुडघ्यांना. बुटाचा तळवा साधारण ७० मि.मी. रुंद असतो. अरुंद स्कीची धार तळव्याच्या जवळच असते, पाय कलवला की लगेच बर्फात रुतते. ११५ च्या स्कीची धार पायाच्या बरीच बाहेर असते. ती कडक बर्फात रुतवायची तर दर वळणाला गुडघ्यावर पीळ बसतो. संध्याकाळपर्यंत असली शेकडो वळणं होतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

साइडकट म्हणजे बाजूच्या कमानीची त्रिज्या मीटरमध्ये दिलेली असते. १५-१७ मीटर म्हणजे लहान, चपळ वळणं; २० च्या पुढे म्हणजे मोठी, वेगवान. ऑल-माउंटनला १६ ते १९ मध्ये काहीही चालतं. यावर फार रात्री जागवू नका.

तिसरी पायरी: बाक

इथे मराठी माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण कंबर वेगळी आणि कॅम्बर वेगळा. कॅम्बर म्हणजे स्की सपाट जमिनीवर ठेवल्यावर मधला भाग धनुष्यासारखा वर उचललेला राहतो तो बाक. तुम्ही उभे राहिलात की तो दबतो आणि टोकापासून शेपटापर्यंत सगळी धार बर्फाला टेकते. कडक बर्फावर पकड मिळते ती यामुळेच. रॉकर त्याच्या उलट: टोक लवकरच, पायापासून बऱ्याच आधी, वर वळायला लागतं. कोकणातल्या होडीची नाळ जशी लाटेवर चढते तसं ते पावडरवर चढतं. पूर्ण सपाट टोकाची होडी लाटेत घुसेल, तसंच पूर्ण कॅम्बरची स्की खोल बर्फात नाक खुपसते.

ही कल्पना फार जुनी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अटॉमिक कंपनीच्या रूपर्ट हूबर यांनी स्नोबोर्ड उभा मधोमध कापून रुंद स्कीची कल्पना करून पाहिली, आणि त्यातून जाडजूड पावडर स्की आल्या. पुढचं पाऊल शेन मॅककॉन्की या स्कीअरचं. त्याने अलास्कात चक्क पाण्यावर चालवायच्या स्कीवर बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा भाग) ठोकून डोंगर उतरून दाखवला. खोल बर्फ पाण्यासारखा वागतो, मग स्कीही पाण्यासारखीच हवी, हा त्याचा सरळ तर्क. त्यातूनच पुढे व्होलंट कंपनीची स्पॅट्युला आली: मधे बाक उलटा, बाजूची कमानही उलटी. आज तुमच्या ऑल-माउंटन स्कीचं टोक जे लवकर वर वळतं, त्यात या माणसाच्या त्या वेडाचा वाटा आहे. तो २००९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतांत स्की घालून बेस जंप, म्हणजे कड्यावरून पॅराशूटसह उडी, करताना गेला.

दुकानात स्कीची जोडी तळाला तळ लावून धरा आणि बाजूने बघा. मधे फट दिसते तो कॅम्बर. टोकांकडे दोन्ही तळ एकमेकांपासून जिथून दूर व्हायला लागतात तिथून रॉकर सुरू होतो. ऑल-माउंटनसाठी पायाखाली स्पष्ट कॅम्बर, टोकाला मध्यम रॉकर आणि शेपटाला थोडासा, असं बघा. टोकाकडे जवळपास एक तृतीयांश लांबी उघडत असेल आणि शेपूटही भरपूर वर वळलेलं असेल तर ती पावडरची आहे, मग लेबलावर काहीही लिहिलेलं असो. लेबलं विक्री विभाग लिहितो. तळ खोटं बोलत नाहीत.

चौथी पायरी: लांबी

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे इथे शब्दशः खरं आहे, फक्त अंथरूण म्हणजे तुमची उंची नव्हे, वजन आणि वेग. उभी स्की हनुवटीपासून डोक्यापर्यंत कुठेतरी यावी, हा दुकानातला नियम सुरुवात म्हणून ठीक आहे. पण रॉकरवाल्या स्कीची बर्फाला टेकणारी धार प्रत्यक्ष लांबीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे ती हाताला लांब वाटली तरी पायाला आखूड वाटते. म्हणून पावडर स्की रोजच्या स्कीपेक्षा ५ ते १० से.मी. लांब घेतात. माझी उंची १७२ से.मी., वजन ७३ किलो. रोजची स्की १७७ आणि पावडरची १८४. सुरुवातीला १८४ ऐकून छातीत धस्स झालं होतं. खोल बर्फात पहिल्या तीन वळणांनंतर लांबीचा विचारही मनात आला नाही.

दोन आकड्यांच्या मधे अडकलात तर वेगाने, मोकळ्या उतारावर जाणाऱ्याने मोठा घ्यावा. झाडांत आणि मोगलांत रमणाऱ्याने, तसंच अजून वळणं पक्की व्हायची असतील त्याने लहान. आणखी एक गोष्ट: सगळे उत्पादक लांबी सारखीच मोजत नाहीत. एकाची १८० आणि दुसऱ्याची १८० शेजारी ठेवली तर बोटभर फरक निघू शकतो. शक्य असेल तिथे दोन्ही शेजारी उभ्या करून पाहाव्यात.

पाचवी पायरी: पोटात काय आहे

स्की म्हणजे थरांचं सँडविच. मधे लाकूड, वर-खाली फायबरग्लास, काहींत कार्बन, काहींत टायटॅनल. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण टायटॅनल हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. दुकानदार "टायटॅनियम आहे साहेब" म्हणाला तर मनात हसून पुढे चला.

लाकडात पॉलोनिया आणि करुबा हलके, पॉप्लर मध्यम, बीच, ॲश, मेपल वजनदार आणि ठाम. धातूचे दोन पूर्ण पत्रे असलेली स्की जड असते, थरथर गिळून टाकते आणि ढेकळांतून रेल्वेसारखी सरळ जाते. मात्र ती वाकवायला पायात ताकद आणि तंत्र लागतं. आळशीपणाने मागे झुकून बसलात तर ती तुम्हाला घेऊन निघून जाते. धातू नसलेली स्की हलकी, खेळकर, चुका माफ करणारी, पण वेग वाढला की टोक फडफडतं.

मधला मार्गही आहे: धातू फक्त पायाखाली, टोकांकडे निमुळता होत गेलेला. मध्यम कौशल्याच्या, वर्षाला दहा-पंधरा दिवस जाणाऱ्या बहुतेकांना मी हाच सुचवतो.

वजन एका स्कीचं, ग्रॅममध्ये दिलेलं असतं. ऑल-माउंटन साधारण १७०० ते २१०० ग्रॅम. लिफ्टने वर जाऊन फक्त खाली येणार असाल तर हलकेपणाच्या मागे लागू नका. क्रडमध्ये वजन हा मित्र असतो. १५०० ग्रॅमच्या आतल्या स्की चढून जाणाऱ्यांसाठी, म्हणजे टूरिंगसाठी असतात. लिफ्टखालच्या तुडवलेल्या बर्फात त्यांच्यावर दिवसभर दात वाजत राहतात.

तळ दोन प्रकारचे: एक्स्ट्रुडेड स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, सिंटर्ड महाग पण मेण शोषून घेतो आणि वेगाने धावतो. मेण लावलंच नाही तर सिंटर्ड तळाला दिलेले पैसे बर्फात गेले. पाच-सहा दिवसांनी एकदा गरम मेण, एवढी शिस्त पाळायची तयारी हवी.

नावं सांगायचीच तर थोडीच सांगतो, कारण मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. धातूवाल्या, ठाम स्कीमध्ये ९६ मि.मी.ची फ्योल्कल मँट्रा आणि नॉर्डिका एन्फोर्सरच्या शंभरीच्या आसपासच्या रुंदी. मधल्या मार्गाच्या ब्लिझर्ड रस्टलर ९ आणि १०. हलक्या आणि खेळकर हव्या असतील तर अटॉमिक बेंट १००. पावडरकडे झुकलेल्यांसाठी सॅलोमन क्यूएसटी १०६, रस्टलर ११ आणि ११२ मि.मी.ची क्यूएसटी ब्लँक. सॉल्ट लेकच्या डीपीएस आणि नेवाडातल्या रीनोच्या मोमेंट या लहान कंपन्याही आहेत. हाताला आणि डोळ्याला सुंदर, खिशाला जरा कठोर. बायकांसाठीच्या मॉडेलांत ब्लिझर्ड ब्लॅक पर्ल ८८ वर्षानुवर्षं टिकून आहे. 'बायकांची' स्की म्हणजे काही वेळा फक्त रंग वेगळा, काही वेळा लाकूड हलकं. माझी बायको ६० किलोची आहे, माझ्यापेक्षा चांगलं स्की करते, आणि तिने लेबल न बघता लांबी आणि कडकपणा बघून घेतली.

मधेच एक थांबा: बूट

तुमच्याकडे बसणारे बूट नसतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पहिले पैसे बुटात घाला. भाड्याच्या उत्तम स्कीवर स्वतःचे नीट बसणारे बूट चालतात. उत्तम स्कीवर ढिले बूट म्हणजे स्टिअरिंग सैल असलेली गाडी. आपल्यापैकी अनेकांचे पंजे पुढे रुंद असतात. जन्मभर चपला घातलेल्या पायांचे तर नक्कीच. ९८ मि.मी. लास्टचा, म्हणजे पंज्यापाशी आतून तेवढ्या रुंदीचा, बूट त्यांना छळतो. १०० ते १०२ चे बघा आणि बूटफिटरकडून साचा गरम करून बसवून घ्या. एक नंबर मोठा घेऊन प्रश्न सुटत नाही. नव्या बुटात पायाचं बोट टोकाला हलकं टेकलंच पाहिजे. गुडघे पुढे वाकवले की ते सुटतं.

सहावी पायरी: बाइंडिंग

बाइंडिंगचं काम पडल्यावर पाय सोडण्याचं आहे, म्हणून इथे जुगाड नको. तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

बुटाचा तळवा पहिला. साधा अल्पाइन, चालायला सोपा ग्रिपवॉक आणि टूरिंगचा, हे तीन वेगळे. प्रत्येक बाइंडिंगला तिन्ही चालत नाहीत. बाइंडिंगवर आणि बुटावर खूण असते, ती जुळवून घ्या.

मग ब्रेकची, म्हणजे पाय सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या दांड्यांची, रुंदी. कंबरेइतकी किंवा तिच्याहून १५ मि.मी.पर्यंत जास्त. ९८ च्या स्कीला १०० किंवा ११० चा ब्रेक. ९० चा बसणार नाही आणि १३० चा बर्फात अडकेल.

शेवटी डिन. हा पाय सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यातून काढतात, आणि तो दुकानातल्या प्रशिक्षित माणसानेच लावायचा. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या मध्यम स्कीअरला तो बहुधा ५ ते ७ च्या मधे येतो. म्हणून १६ पर्यंत जाणारं रेसरांचं बाइंडिंग घेण्यात अर्थ नाही. ४ ते ११ किंवा ४ ते १३ चं पुरेसं, आणि तुमचा आकडा त्या पट्ट्याच्या अगदी कडेला यायला नको.

भोकं पाडताना स्कीवर छापलेल्या सुचवलेल्या रेषेवरच बूट बसवा. एक सेंटिमीटर पुढे-मागे करायचे प्रयोग दुसऱ्या स्कीवर करा. एकदा पाडलेली भोकं बुजवता येतात, पण पुन्हा पाडायला जुन्या भोकांपासून अंतर सोडावं लागतं, आणि दोन-तीन वेळा भोकं पडलेल्या लाकडावर माझा भरवसा नाही.

सातवी पायरी: पैसा

अमेरिकेत नवी ऑल-माउंटन स्की साधारण ६०० ते ९०० डॉलर, बाइंडिंग २०० ते ३५०, बसवणावळ वेगळी. उन्हाळ्याच्या तोंडावर, मार्चअखेर ते मे, तीच स्की तीस-चाळीस टक्के कमी होते. कामगार दिनाच्या सुमारास, सप्टेंबरच्या सुरुवातीला, उरलेला माल आणखी उतरतो, पण तोवर नेमकी तुमची लांबी संपलेली असते. १७५ ते १८० च्या लांब्या आधी जातात. मागच्या वर्षीचा रंग आणि यंदाचा रंग, आत बहुतेक वेळा तीच स्की. कंपन्या पुष्कळदा तीन वर्षं फक्त चित्र बदलतात. बांधणी नवी आहे की वरचा कागद नवा, हे विक्रेत्याला थेट विचारावं.

विकत घ्यायची की भाड्याने? साधं गणित. सेलमधली स्की आणि बाइंडिंग मिळून ७००, बसवायचे ७५. चांगल्या डेमो स्कीचं, म्हणजे चालवून बघायला ठेवलेल्या स्कीचं, भाडं दिवसाला ६० धरलं तर तेरा दिवसांत पैसे फिटतात. वर्षाला चार दिवस जाणाऱ्याला हे तीन वर्षांनी फिटणार, मधे मेण, धार, गाडीवरचा रॅक आणि घरातली जागा. त्याने भाड्यानेच घ्यावी. वर्षाला दहाच्या वर दिवस असतील तर विकत घ्या. आणि घेण्याआधी डेमो काढून दोन-तीन जोड्या एकाच उतारावर एकाच दिवशी चालवा. बरीच दुकानं खरेदी केल्यावर ते भाडं वजा करतात.

दोन जोड्यांचा संसार, म्हणजे ९० च्या आसपासची एक आणि ११० ची एक, हा वर्षाला वीस दिवसांच्या वर जाणाऱ्यांचा चैनीचा विषय. एकच ठेवायची असेल तर रॉकी पर्वतात ९८ ते १०२, आणि पावडरच्या दिवशी रुंद स्की भाड्याने. याहून पैसा वसूल व्यवस्था मला अजून सापडलेली नाही.

वापरलेली स्की घ्यायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळा आणि क्लब भरवतात ते स्की स्वॅप बघा. गर्दी असते, भाजी मंडईसारखी, आणि तितक्याच डोळसपणे बघावं लागतं. आधी बाइंडिंगचं वर्ष. प्रत्येक कंपनी ठरावीक जुन्या मॉडेलांची जबाबदारी घेणं थांबवते, आणि मग कुठलंही दुकान त्यांना हात लावत नाही. अशा स्कीवर नव्या बाइंडिंगचे पैसे वेगळे धरून भाव करा. मग धार: बोट फिरवून जाडी बघा, दोन्ही बाजूंना सारखी उरली आहे का, कुठे तुटून आत दबलेली आहे का. वरवरचा गंज घासून जातो. खड्डे पडलेला गंज जात नाही. तळावर लाकूड दिसेल इतका खोल ओरखडा असेल तर पाणी आत शिरलेलं असू शकतं. टोकाजवळ आणि बाजूच्या भिंतीपाशी थर सुटलेत का, दाबल्यावर बुडबुडा जाणवतो का, ते बघा. शेवटी दोन्ही तळ एकमेकांना लावून, एका डोळ्याने टोकाकडून शेपटाकडे नजर टाका. पीळ पडलेली स्की फुकट मिळाली तरी ठेवून द्या.

मी एकदा एवढं सगळं तपासून आनंदाने घरी आलो आणि मग कळलं की बाइंडिंग टूरिंगचं आहे आणि माझा बूट त्यात बसतच नाही. तेव्हा स्वॅपला जाताना बूट पिशवीत न्या.

गुलमर्गला जाणार असाल तर

पुण्या-मुंबईहून दरवर्षी काही मंडळी कोर्स करायला गुलमर्ग किंवा औलीला जातात, आणि परत आल्यावर पहिली हुक्की येते ती स्की विकत घेण्याची. घेऊ नका. भारतात राहून वर्षाला एक आठवडा स्कीइंग होत असेल तर त्या पैशांत चांगले बूट घ्या. ते विमानात सोबत नेता येतात आणि प्रत्येक भाड्याच्या स्कीवर उपयोगी पडतात.

गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३९५० मीटरपर्यंत. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारा जवळजवळ सगळा प्रदेश ग्रूम न केलेला, नैसर्गिक. म्हणजे पहिल्या पायरीतला रकाना इथे उलटतो: खालच्या बाळबोध उतारावर शिकणाऱ्याला भाड्याची अरुंद, मऊ स्की उत्तम, आणि दुसऱ्या टप्प्यावर जाणाऱ्याला १०० ते ११२ मि.मी. खाली झाडीतून तंगमर्गकडे उतरताना बर्फ जड होतो, तिथे रुंद टोक आणि थोडं वजन असलेली स्की जीव वाचवते. म्हणून हलकी टूरिंग स्की तिथे घेऊन जाण्याआधी विचार करा. तिथल्या खाजगी दुकानांत रुंद स्की भाड्याने मिळतात. चांगल्या जोड्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत लवकर जातात. भाड्याची घेतानाही वर सांगितलेली धार आणि बाइंडिंगची तपासणी करा. दुकानदाराला तुमच्यासमोर डिन लावायला सांगण्यात कसलाही संकोच नको.

एक गोष्ट स्कीपेक्षा महत्त्वाची. रुंद स्की घेतली की माणूस दोरीबाहेर जायला लागतो. नियंत्रित भागाच्या बाहेर पाऊल टाकायचं तर अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), सोबत ती वापरता येणारा माणूस, आणि सकाळी हिमस्खलनाचा अंदाज वाचलेला हवा. आमच्याकडे यूटा ॲव्हलांच सेंटरचा अंदाज चहाबरोबर वाचतात, मुंबईकर लोकलच्या वेळा बघतो तसा. बजेट ठरवताना या तीन वस्तूंचे पैसे स्कीच्या पैशांतच धरा. त्यासाठी स्की एक पायरी स्वस्त घ्यावी लागली तरी घ्या.

घरी आणल्यावर

नव्या स्कीची धार फॅक्टरीतून येते, पण मेण नावालाच असतं. पहिल्या दिवसाआधी एकदा गरम मेण घालून घ्या. स्की वळताना विनाकारण अडकते आहे असं वाटलं तर टोकाची आणि शेपटाची, जिथे तळ वर उचललेला असतो तेवढ्याच भागाची धार रबरी खड्याने किंचित बोथट करा. पायाखालची अजिबात नको. दिवस संपला की धार पुसून कोरडी करा, ओल्या पिशवीत रात्रभर ठेवू नका. सकाळी गंजाच्या नारिंगी रेषा दिसतात आणि माणूस कंपनीला शिव्या देतो.

मावसभावाने ती ११६ ची घेतली नाही. व्हरमाँटसाठी ८६ ची मागच्या मोसमातली बघून ठेवली आहे, आणि फेब्रुवारीत आठवडाभर इकडे येतोय. इथे त्याला रुंद स्की भाड्याने काढून देईन. त्याला म्हटलंय, बुटाच्या टाचेजवळ बाजूला तळव्याच्या लांबीचा कोरलेला आकडा आहे, ३०५ किंवा ३१५ असा काहीतरी, तो तेवढा आधी पाठवून ठेव. पावडरच्या सकाळी भाड्याच्या दुकानात रांग मोठी असते.